मॉरिशसमधली पोटनिवडणूक: नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

भारतीय पासपोर्ट खिशात असताना दुसऱ्या देशाच्या संसदेसाठी मत देता येतं, हे बहुतेकांना सांगूनही खरं वाटत नाही. मॉरिशसमध्ये मात्र ते शक्य आहे. एबेनच्या आयटी कंपन्यांत, बँकांत किंवा बांधकामाच्या साइटवर नोकरी धरून इथं आलेल्या आपल्यातल्या अनेकांना ही गोष्ट चार-पाच वर्षांनी कळते, आणि तीसुद्धा शेजारच्या माणसाकडून. तोवर एखादी निवडणूक होऊनही गेलेली असते.

सार्वत्रिक निवडणूक समजायला तशी सोपी, कारण देशभर एकच गोंगाट चालतो. पोटनिवडणूक वरवर किरकोळ दिसते आणि प्रत्यक्षात जास्त गुंतागुंतीची असते. इथले लोक तिला फ्रेंच वळणानं 'पार्सिएल' म्हणतात. ती कशी वाचायची, आणि यादीत नाव असेल तर तिच्यात मत कसं द्यायचं, ते क्रमानं सांगतो.

आधी तुमचं नाव यादीत बसतं का ते बघा

मॉरिशसच्या राज्यघटनेचं ४२वं कलम मतदाराची पात्रता सांगतं: वय किमान १८, राष्ट्रकुल देशाचं नागरिकत्व, आणि ठरलेल्या तारखेच्या आधी किमान दोन वर्षं देशात वास्तव्य. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे आपण या व्याख्येत बसतो. नेपाळी किंवा चिनी सहकारी बसत नाही, बांगलादेशी बसतो. २०२४च्या निवडणुकीत बांगलादेशी कामगारांच्या मतांवरून इथं बराच गदारोळ झाला होता. परदेशी माणसाचं मत हा नाजूक विषय आहे एवढं त्यातून लक्षात ठेवा. हक्क असला तरी ऑफिसात तो मिरवू नका.

यादी दरवर्षी नव्यानं होते. जानेवारीत निवडणूक कार्यालयाची माणसं घरोघर फिरतात. दुपारी दार वाजतं, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एखादी बाई किंवा पोरगा हातात फॉर्म घेऊन उभा असतो. बरेच नवखे त्यांना विक्रेते समजून 'नो, थँक यू' म्हणत दार लावून घेतात, आणि वर्ष वाया जातं. दार उघडा, पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याचे कागद दाखवा आणि आपण दोन वर्षांपासून इथं आहोत हे सांगा. घरमालकानं फक्त स्वतःच्या कुटुंबाची नावं दिली असतील तर भाडेकरूचं नाव राहून जातं, तेही विचारून घ्या. पुढे कच्ची यादी पाहणीसाठी लावतात आणि पक्की यादी १६ ऑगस्टपासून लागू होते.

म्हणजे हिशेब असा: तुम्ही मार्च २०२३ मध्ये आलात, तर मार्च २०२५ ला दोन वर्षं भरली. नोंदणी जानेवारी २०२६ मध्ये, आणि प्रत्यक्ष मत १६ ऑगस्ट २०२६ नंतरच. मधल्या काळात तुमच्या गल्लीत पोटनिवडणूक लागली तर ती बघायची फक्त.

आणखी एक. पोटनिवडणुकीत मत फक्त त्या मतदारसंघात नोंद असलेल्यांनाच. नोंदणीनंतर तुम्ही वाक्वाहून कात्र बोर्नला घर बदललं असेल, तर नवी यादी लागू होईपर्यंत नाव वाक्वातच राहतं.

कुठली जागा रिकामी झाली, आणि का

नॅशनल असेंब्लीत ६२ जागांवर थेट निवडणूक होते. मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकात तीन आमदार म्हणजे ६०, आणि रॉड्रिग्ज बेटाचे दोन. यांखेरीज 'बेस्ट लूझर' म्हणून जास्तीत जास्त आठ जागा भरल्या जातात. हरलेल्यांतून समाजांचा तोल सांभाळण्यासाठी निवडणूक आयोग त्या वाटतो. त्यासाठीची समाजांची आकडेवारी अजून १९७२च्या जनगणनेची आहे, कारण त्यानंतरच्या जनगणनांत समाज विचारलाच नाही. आपल्याकडच्या आरक्षणाच्या वादांवर पोसलेल्या माणसाला यात रस वाटेल, पण पोटनिवडणुकीपुरतं एवढंच पुरे: बेस्ट लूझरची जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक होत नाही, त्याच पक्षाच्या, त्याच समाजाच्या पुढच्या उमेदवाराला ती दिली जाते. पोटनिवडणूक होते ती थेट निवडून आलेल्याच्या जागेवर.

उमेदवारानं आपला समाज जाहीर करण्याची घटनेतली अट सार्वत्रिक निवडणुकीसाठी आहे. हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि 'जनरल पॉप्युलेशन' (म्हणजे बाकीचे सगळे) असे चार रकाने. इथला मराठी समाज, म्हणजे मुख्यतः कोकणातून गिरमिटिया (करारबद्ध मजूर) म्हणून आलेल्यांचे वंशज, त्यात 'हिंदू' या रकान्यात जातो. सरकारी रेडिओ-टीव्हीवर मात्र मराठी कार्यक्रमांना स्वतंत्र वेळ मिळते, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. पक्षांच्या बैठकीत उमेदवार ठरताना हे सगळं मोजलं जातं, अट असो वा नसो.

आता मुख्य प्रश्न. जागा का रिकामी झाली? पेपरमध्ये सगळ्यात आधी हेच शोधा, कारण निम्मी निवडणूक त्यातच ठरलेली असते. आमदाराचा मृत्यू, राजीनामा, राष्ट्रपतिपदी निवड, मोठी शिक्षा, किंवा कोर्टानं निवड रद्द करणं, अशी कारणं असू शकतात. मृत्यूनंतरच्या निवडणुकीत सहानुभूती चालते. राजीनाम्यानंतरच्या निवडणुकीत 'हा का गेला?' एवढ्याच प्रश्नावर महिनाभर भांडण होतं. कोर्टाच्या निकालानंतरची सगळ्यात चुरशीची.

दोन उदाहरणं नीट बघण्यासारखी आहेत.

पहिलं २०१७चं, मतदारसंघ १८, बेल रोझ–कात्र बोर्न. इथले आमदार रोशी भादेन यांनी जूनमध्ये राजीनामा दिला. ते आधी मंत्री होते, मग सरकारमधून बाहेर पडले होते. कारण मेट्रो एक्स्प्रेस: भारत सरकारच्या मदतीनं उभी राहणारी, आणि जिचं कंत्राट मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोला मिळालं ती रेल्वे. भादेन म्हणाले, लोकांना ही मेट्रो हवी आहे का हे पोटनिवडणुकीतच कळू दे. त्याच वर्षी जानेवारीत अनिरुद्ध जगन्नाथ यांनी पंतप्रधानपद सोडून ते मुलगा प्रविंदकडे दिलं होतं, त्यामुळे नव्या पंतप्रधानांची ही पहिली परीक्षा ठरली असती. ठरली असती म्हणतो, कारण जगन्नाथांच्या सत्ताधारी एमएसएम पक्षानं उमेदवारच दिला नाही. निकाल लागला तो लेबर पक्षाच्या अरविन बूलेल यांच्या बाजूनं. ज्यांनी जागा रिकामी केली ते भादेन स्वतः पुन्हा उभे राहून पडले. आणि मेट्रो? ती आज कात्र बोर्नमधून धावते.

दुसरं २००९चं, मतदारसंघ ८, मोका–कार्तिए मिलितेर. २००५ मध्ये निवडून आलेले अशोक जगन्नाथ यांची निवड सुप्रीम कोर्टानं लाचलुचपतीच्या आरोपावरून रद्द केली आणि २००८च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो निकाल कायम ठेवला. हो, मॉरिशसचं सर्वोच्च अपील अजून लंडनला जातं. पोटनिवडणुकीत अशोक पुन्हा उभे राहिले आणि त्यांच्यासमोर होता पुतण्या प्रविंद. काका-पुतण्याच्या लढती आपल्याला काही नवीन नाहीत, त्यामुळे ही गोष्ट मराठी माणसाला एका वाक्यात कळते. पुतण्या जिंकला.

तारखांचा हिशेब

आपल्याकडे जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची असते. इथं नियम वेगळा आहे. जागा रिकामी झाल्यापासून ९० दिवसांत राष्ट्रपतींनी निवडणुकीचा आदेश काढायचा असतो, ज्याला सगळे 'रिट' म्हणतात. अर्ज भरण्याचा दिवस, म्हणजे 'नॉमिनेशन डे', आणि मतदान या तारखा त्यात येतात. गंमत अशी की आदेश निघाला म्हणजे मतदान जवळ आलं असं नाही. २०१७ मध्ये राजीनामा जूनमध्ये आणि मतदान १७ डिसेंबरला झालं.

काही वेळा मतदान होतच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदारसंघ १०चे विक्रम हरदोयाल यांना मंत्रिमंडळातून काढलं, त्यांनी आमदारकीही सोडली, आणि पोटनिवडणुकीची तयारी सुरू झाली. पण ४ ऑक्टोबरला असेंब्लीच विसर्जित झाली आणि १० नोव्हेंबरला थेट सार्वत्रिक निवडणूक. तेव्हा कार्यकाळाच्या शेवटच्या वर्षात जागा रिकामी झाली असेल, तर फार हुरळून जाऊ नका. सरकारला ती नको असते आणि ती टाळायचे मार्ग त्याच्याकडे असतात.

कोण उभं आहे त्यापेक्षा कोण उभं नाही ते बघा

माझ्या मते नवख्यानं शिकायची सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच. मॉरिशसमध्ये एकट्यानं लढून सत्ता मिळवणं फार कठीण, म्हणून पक्षांच्या युत्या सतत जुळतात आणि मोडतात. या पडद्यामागच्या बोलण्यांना क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या रोजच्या बोलीत, 'कोझ-कोझे' म्हणतात. पोटनिवडणुकीत ती बोलणी उघड्यावर येतात. २००९ मध्ये सत्तेतल्या लेबर पक्षानं उमेदवार न देता विरोधातल्या प्रविंद जगन्नाथांना पाठिंबा दिला. लोकांनी तेव्हाच काय ते ओळखलं. २०१० मध्ये लेबर आणि एमएसएम युती करून एकत्र लढले आणि जिंकले.

म्हणून नॉमिनेशन डेच्या संध्याकाळी यादी आली की आधी चार मोठे पक्ष शोधा: लेबर, एमएमएम (मुव्हमाँ मिलितां मोरिसियें), एमएसएम (मिलिटंट सोशालिस्ट मूव्हमेंट), पीएमएसडी (पार्ती मोरिसियें सोसियाल देमोक्रात). एखादा गैरहजर असेल तर का? हरण्याची भीती, की कुणाशी तरी समजूत? उरलेली यादी लांबलचक असते, अपक्ष आणि कधी न ऐकलेले पक्ष. त्यातले बहुतेक नगण्य, पण सगळेच नाहीत. एमएमएम १९६९ मध्ये स्थापन झाला. १९७० मध्ये पाम्प्लेमूस–त्रियोले या पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांच्या हक्काच्या भागातल्या पोटनिवडणुकीत त्याचा तरुण उमेदवार देव विरासामी निवडून आला. सरकारनं तेव्हा जो धसका घेतला तो खोटा नव्हता. १९७२ला अपेक्षित असलेली सार्वत्रिक निवडणूक १९७६ पर्यंत लांबली, आणि ती झाली तेव्हा एमएमएम एकट्याच्या बळावर सर्वांत मोठा पक्ष ठरला.

रस्त्यावर काय दिसतं

नाक्यानाक्यावर पक्षाचा 'बाझ' उभा राहतो: पत्र्याची किंवा ताडपत्रीची शेड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, स्पीकर, आणि वर वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताका. लेबरचा रंग लाल आणि चिन्ह किल्ली, एमएसएमचा नारिंगी आणि सूर्य, एमएमएमचा जांभळा आणि हृदय, पीएमएसडीचा निळा आणि कोंबडा. क्रिओलमध्ये लाक्ले, सोलेय, लेकेर, कोक. हे चार शब्द आले की भिंतीवरच्या निम्म्या घोषणा कळतात.

प्रचार क्रिओलमध्ये चालतो. गंमत म्हणजे उमेदवाराला घटनेनं अट घातली आहे ती इंग्रजी वाचता-बोलता येण्याची, आणि असेंब्लीची अधिकृत भाषाही इंग्रजीच, फ्रेंचमध्ये बोलायची मुभा. हिंदी-भोजपुरीची फोडणी गावाकडच्या सभांत हमखास. संध्याकाळी घरांच्या अंगणात छोट्या बैठका होतात, बिर्याणीची पातेली येतात. शेजाऱ्यानं बोलावलं तर जा, ऐका, पण व्यासपीठाजवळ जाऊ नका आणि फोटोत येऊ नका. कामाच्या परवान्यावर राहणाऱ्या माणसानं कुठल्याही पक्षाची टोपी घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे, मतदानाचा हक्क असला तरी.

बिर्याणीवरून आठवलं: मतांसाठी खाऊपिऊ घालणं हा इथल्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि लाच म्हणजे फक्त नोटांचं पाकीट नव्हे. अशोक जगन्नाथांच्या प्रकरणात मुद्दा होता नोकऱ्यांचा आणि एका समाजाच्या दफनभूमीच्या जागेचा. दुसरीकडे, २०१९च्या निवडणुकीत पेन्शनवाढीच्या आश्वासनासह प्रविंद जगन्नाथांवर झालेले लाचेचे आरोप प्रिव्ही कौन्सिलनं २०२३ मध्ये फेटाळले. धोरणाचं वचन आणि ठरावीक लोकांना दिलेलं आमिष यांतली रेघ कुठे ओढायची, हे समजायला हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत.

बातम्यांसाठी 'ल'एक्स्प्रेस', 'ल देफी' आणि 'ल मॉरिसियें' हे तीन पेपर आणि एखादा खासगी रेडिओ पुरे. सरकारी रेडिओ-टीव्ही एमबीसीवर सरकार नेहमीच जरा जास्त दिसतं, सरकार कुणाचंही असो.

मतदान

मतदान बहुधा रविवारी, जवळच्या शाळेत. कात्र बोर्नला रविवारी कपड्यांचा बाजार भरतो, तेव्हा तिकडच्यांनी गाडी कुठे लावायची याचा आधीच विचार करावा. ओळखपत्र किंवा पासपोर्ट बरोबर न्या. यंत्र नाही, कागदाची मतपत्रिका आहे. उमेदवारांची नावं आडनावाच्या अक्षरक्रमानं, शेजारी पक्ष आणि चिन्ह.

इथं एक खड्डा आहे. सार्वत्रिक निवडणुकीत मॉरिशस बेटावर प्रत्येकानं बरोबर तीन फुल्या मारायच्या असतात. दोन मारल्या तरी पत्रिका बाद, चार मारल्या तरी बाद. तीनही मतं एकाच पक्षाला देण्याची जुनी सवय आहे, आणि म्हणूनच १९८२, १९९५ आणि २०२४ मध्ये बेटावरच्या साठच्या साठ जागा एकाच युतीनं नेल्या. पोटनिवडणुकीत जागा एक, म्हणून फुली एकच. जुन्या मतदारांचा हात सवयीनं पुढे सरकतो आणि मत वाया जातं. तुमचं पहिलंच मत असेल तर ही सवय नाही, हा फायदाच. फुली रकान्याच्या आत, आणि कागदावर दुसरी कसलीही खूण नको.

जोडीदाराच्या वतीनं मत देता येत नाही, आणि भारतात सुट्टीवर असाल तर तिथूनही नाही.

मोजणी आणि पुढचे २१ दिवस

पेट्या रात्रभर पोलीस पहाऱ्यात राहतात आणि मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी हातानं होते. एका मतदारसंघाची मोजणी असल्यानं दुपारपर्यंत चित्र स्पष्ट होतं. तीन मतांच्या निवडणुकीपेक्षा इथले आकडे वाचायला सोपे, आणि म्हणून पक्षांची खरी ताकद मोजायला अधिक विश्वासार्ह. पण तुलना करताना सार्वत्रिक निवडणुकीतल्या आकड्यांशी थेट करू नका, तिथं प्रत्येक मतदाराची तीन मतं मोजलेली असतात. मतदानाचं प्रमाणही बघा. सत्ताधारी पक्ष मैदानातच नसेल तर त्याचे बरेच मतदार घरी बसतात.

निकाल जाहीर झाल्यापासून २१ दिवसांत हरलेला उमेदवार किंवा मतदार सुप्रीम कोर्टात निवडणूक याचिका दाखल करू शकतो. तोपर्यंत विजयाच्या मिरवणुका झालेल्या असतात आणि बाझच्या खुर्च्या परत गेलेल्या असतात. निवडून आलेला आमदार उरलेल्या काळापुरताच बसतो. बूलेल २०१७च्या डिसेंबरमध्ये आले, आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच सार्वत्रिक निवडणूक लागली. त्यानंतर ते विरोधी पक्षनेते झाले. पताका उतरवण्याचं काम मात्र कुणाचंच नसतं. फेब्रुवारीतल्या एखाद्या चक्रीवादळात त्या आपोआप जातात.